आधी कुणाचं द्यायचं

कापूस नाहीतर सोयाबीन विकून शेतकरी मोंढ्यातून घरी येतो तेव्हा त्याच्या खिशात वर्षाचा पैसा असतो आणि डोक्यात वर्षाची देणी. पैसा एकदाच येतो. देणी बारा महिने होत राहिलेली असतात. बँक, सोसायटी, बियाणं-खताचं दुकान, आडत्याची उचल, ट्रॅक्टरवाल्याची नांगरटी, वेचणीच्या बाया, किराणा, दवाखाना, लेकरांची फीस, आणि ज्यांची नावं यादीत लिहायची राहूनच जातात असे दोन-चार जण. चांगल्या सालातसुद्धा पैसा यादीला पुरत नाही. मग कुणाचं आधी द्यायचं आणि कुणाला ‘पुढच्या पिकावर बघू’ म्हणायचं, हे ठरवावं लागतं.

याला कुणी नीतीचा प्रश्न म्हणत नाही. व्यवहार म्हणतात. सप्ताहात कीर्तनकार सत्य, अहिंसा, परोपकार सगळ्यावर बोलतात, पण ट्रॅक्टरवाल्याचं आधी द्यावं की दुकानदाराचं, यावर मी आजवर कीर्तन ऐकलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर गावातल्या माणसाला सत्य-असत्याचा निवाडा करायची वेळ वर्षातून एखाद्या वेळी येते. हा निवाडा मात्र दर सुगीला करावा लागतो.

आमच्याकडं बहुतेक घरांत क्रम सारखाच आहे. पहिलं बँकेचं, कारण नवं-जुनं झालं नाही तर पुढच्या पेरणीला कर्ज मिळत नाही, आणि मुदतीत भरलं तर व्याजात सवलत असते. आडत्याचं तर आपण द्यायचा प्रश्नच नसतो, तो पट्टीतूनच कापून घेतो. मग बियाण्याचा दुकानदार, कारण मृगात त्याच्याच पायरीवर उभं राहायचं आहे. वेचणीच्या बायांचं बाजाराच्या बाजारी द्यावं लागतं, नाहीतर त्या दुसऱ्याच्या वावरात जातात. त्यांनी तसं जावं हेच बरोबर आहे. त्याच्याही खाली ट्रॅक्टरवाला, किराणावाला. आणि सगळ्यात शेवटी तो, जो दारात येत नाही, फोन करत नाही, चारचौघांत विषय काढत नाही.

ही यादी वरून खाली नीट वाचली तर एक गोष्ट दिसते. आपली अडवणूक करायची दोरी ज्याच्या हातात आहे, त्याचा नंबर वर. ज्याच्या हातात काहीच नाही, तो खाली. यात कुणाचा घाम जास्त गळाला, कुणाला पैशाची गरज जास्त आहे, कुणी अडीच्या वेळी आपलं काम केलं, याचा कुठं संबंधच येत नाही.

जुन्या काळी क्रम वेगळा होता. खळ्यावर रास पडली की धान्य घरी जायच्या आधी बलुतेदारांचं माप पडायचं. सुतारानं वर्षभर तिफण, वखर, गाडी नीट केलेली असायची, लोहारानं फाळ आणि पास पाजवून दिलेली असायची, चांभारानं मोट शिवलेली असायची. त्यातल्या कशाचाच पैसा त्या त्या वेळी दिलेला नसायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर या माणसांनी शेतकऱ्याला वर्षाची उधारी दिलेली असायची. पण वसुलीची जागा खळं होती. मालकाच्या कणगीत दाणा पडायच्या आधी त्यांचा वाटा निघायचा. पिकलं तर सूप भरून, नाही पिकलं तर कमी. नफ्यातोट्यात सगळेच. आमच्या आजोबांच्या काळात निजामाचा हाली शिक्का चालायचा, पण गावात तो फारसा दिसायचाच नाही. गाव चालायचं ते ज्वारीवर.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ पुस्तक 1915 साली निघालं. कुणाचं बलुतं कोणत्या ओळीत, कुणाला जास्त, कुणाला कमी, हे त्यात आहे. आत्र्यांनी या व्यवस्थेचं कौतुक केलेलं नाही, चांगले कोरडे ओढलेत. वाचणाऱ्यांनी ते मुळातून वाचावं.

आमच्या वयाची माणसं बलुत्याचा विषय निघाला की हळवी होतात. काय माणसं होती, कसा एकोपा होता, वगैरे. मी होत नाही. माप आधी पडायचं हे खरं. पण ते किती पडावं हे सांगायचा अधिकार लोहाराला नव्हता. काम आवडलं नाही तर उठून दुसऱ्या गावी जायची मोकळीक नव्हती. आणि महार-मांगांच्या वाट्याला सगळ्यात जड काम, आणि खळ्याच्या कडंला उभं राहून, ओट्यात वरून टाकलेलं धान्य. ही गावकीची कामं सोडा म्हणून बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं ते उगीच नाही. ज्या नात्यातून एका बाजूच्या माणसाला उठून जाताच येत नाही, त्याला मी भागीदारी म्हणणार नाही. मग माप कितीही आधी पडो.

तेव्हा माझ्या मनात दोन प्रश्न पक्के झाले. देणाऱ्या-घेणाऱ्याचं कुठलंही नातं समोर आलं की मी हे दोन लावून बघतो. पैसा आला की पहिलं माप कुणाचं पडतं? आणि नको वाटलं तर कुणाला उठून जाता येतं?

आता मोंढ्याचं बघा. आमच्या वडिलांचा आडत्या तीस वर्षं एकच. वडील त्याला शेठजी म्हणायचे आणि तो वडिलांना पाटील म्हणायचा, आमच्या घरात पाटीलकी कधीच नव्हती तरी. रात्री-अपरात्री बाळंतपणाला, लग्नाला, बैल मेला तर बैलाला, शेठजीनं कधी नाही म्हटलं नाही. बँकेचा साहेब तेव्हा आमच्यासारख्याला ओळखत नव्हता. शेठजी घरातल्या लेकरांची नावं विचारायचा. पण उचल घेतली की माल त्याच्याच आडतीवर न्यायचा, हे कलम कुठंही लिहिलेलं नव्हतं आणि कुणी मोडतही नव्हतं. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचे ते दिवस तर माझ्या वडिलांनी तरुणपणी बघितलेले. शेतकरी शेजारी उभा, आणि त्याच्या मालाचा भाव त्यालाच कळत नाही. पुढं 1963 चा बाजार समित्यांचा कायदा आला, उघड हर्रासी आली, मालाचे पैसे चोवीस तासांत द्यायचा नियम आला. कागदावर शेतकऱ्याची बाजू बळकट झाली. उचलीचं न लिहिलेलं कलम मात्र कायद्याच्या हाती लागण्यासारखं नव्हतंच.

एका साली दुसऱ्या आडतीवर भाव बरा निघत होता. वडील गेले नाहीत. ‘त्यानं आपल्या अडीच्या वेळी दिलं,’ एवढंच म्हणाले. आई चुलीपुढून म्हणाली, “उपकार फेडायला किती साल लागतेत, हे एकदा इचारून तरी या त्याला.” वडिलांनी उत्तर दिलं नाही. मला आजही त्या दोघांपैकी कुणा एकाच्या बाजूनं पुरतं जाता येत नाही. ज्या रात्री दवाखान्याचे पैसे लागतात त्या रात्री उघडं असलेलं दार एकच असतं, त्याची किंमत वडिलांना माहीत होती. आणि ती किंमत तीस वर्षं दर क्विंटलमागं वसूल होते आहे, हे आईला माहीत होतं.

बियाणं-खताच्या दुकानदाराची बाजू शेतकऱ्याला दिसत नाही, म्हणून ती सांगतो. आमच्या बाजाराच्या गावी एक दुकान होतं. माणूस सरळ. कंपनीकडून माल आणायचा तर त्याला बरेचदा आधी पैसे भरावे लागायचे, आणि तोच माल तो आम्हाला सुगीच्या बोलीवर द्यायचा. म्हणजे वरच्याला रोख आणि खालच्याला उधार. मधली सगळी फट त्याच्या घरच्या पैशानं, बायकोच्या दागिन्यानं आणि सावकाराच्या व्याजानं बुजवलेली. दोन साल पाठोपाठ पाऊस हुकला आणि दुकान बसलं. आता मोकळी जागा आहे तिथं. त्याला कुणी बुडवलं म्हणाल? कुणीच नाही. पाच-पंचवीस गावांतल्या दोनशे घरांनी थोडं थोडं थांबवलं. एकाही घराला आपण माणूस बुडवला असं वाटलं नाही, कारण एका घराची बाकी खरंच थोडी होती.

त्यातली वाईट गोष्ट पुढंच आहे. ज्यांच्याकडं बाकी होती त्यातले कित्येक जण त्याच मृगात शेजारच्या दुसऱ्या दुकानातून रोखीनं बियाणं घेत होते. बाकी असलेल्या दुकानात जायला तोंड नव्हतं ना. ज्यानं उधार दिलं त्याच्या दारावरून मान खाली घालून जायचं आणि ज्यानं कधी दिलं नाही त्याच्या गल्ल्यात रोख पैसे टाकायचे. लाज ही चांगली गोष्ट आहे असं शाळेत शिकवतात. इथं तीच लाज त्या दुकानदाराच्या मुळावर आली.

सध्या आमच्या भागात जो खरा वाद चालू आहे तो मोटार भरणाऱ्या मिस्तरीवरून. पूर्वी शेत अडायचं लोहारापाशी, आता अडतं मोटारीपाशी. जायकवाडीचा डावा कालवा परभणीपर्यंत आला तरी सगळ्या रानाला पाणी विहीर-बोअरचंच. रब्बीत लाइटचा दाब कमी असतो, कधी एक फेज जाते, आणि मोटार जळते. जळायची ती नेमकी गहू पोटरीत असताना, हरभरा घाट्यात असताना. मग मोटार बाहेर काढायची, टेम्पोत घालून मिस्तरीकडं न्यायची आणि म्हणायचं, “मिस्तरी, उद्या सकाळपर्यंत द्या, नाहीतर गेलं पीक.”

तो काय करतो ते उभं राहून बघितलंय का कधी? जळालेली कॉइल कापून काढायची. प्रत्येक खाचेतली तार ओढून साफ करायची. किती वेढे होते ते मोजून, त्याच मापाची नवी तार हातानं भरत जायची. पाणबुडी मोटारीची तार प्लास्टिकचं वेष्टण असलेली, कुठं जरा खरचटली तर पाण्यात उतरल्याबरोबर पुन्हा जळणार. डोळा आणि बोट दोन्ही लागतं, आणि हे सगळं रात्री. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला चार-पाच किलो तांबं सहज जातं, आणि तारेचा भाव किलोला हजाराच्या घरात गेलाय. ती तार मिस्तरी परभणीहून आणतो. रोखीनं. तिथला दुकानदार ‘गव्हावर देतो’ असं म्हटलेलं ऐकून घेत नाही.

आमच्या मिस्तरीचा एक गुण सगळं गाव मानतं. जळालेली जुनी तार तो गिऱ्हाइकापुढं काट्यावर ठेवतो, तिची मोडीची किंमत बिलातून वजा करतो. जुन्या तारेचा हिशेब बऱ्याच ठिकाणी निघतच नाही. मालकाला मोटारीची घाई असते, तो त्या जळक्या गुंत्याकडं बघतही नाही. न बघणाऱ्यालाही हिशेब दाखवतो, तो माणूस कसा हे सांगायला नको.

तर या मिस्तरीनं गेल्या रब्बीच्या आधी दुकानावर पाटी लावली. तारेचे पैसे आधी, मजुरी सुगीला. लोकांनी ‘उधार बंद’ एवढंच वाचलं. पारावर त्या दिवशी दुसरा विषय नव्हता.

“माजला,” एक जण म्हणाला. “काल लोक मोटारी घेऊन रांगंत उभे होते, म्हनून ह्याचं घर झालं.”

“आप्पा, घर पत्र्याचंच हाय त्याचं,” मी म्हटलं.

“तरी पन. गावात राहायचं तर गावावानी राहावं. मी काय त्याचे पैसे बुडवनार होतो?”

“किती बाकी हाय तुमची?”

“असंल की. दोन सालाची. इचारलं का त्यानं कधी?”

या शेवटच्या वाक्यावर मी घरी येऊन बराच विचार केला. विचारलं नाही म्हणून दिलं नाही. म्हणजे न मागणं हा ज्याचा चांगुलपणा होता, तोच त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. आणि ज्या दिवशी त्यानं मागितलं, तेही जुनं नव्हे, पुढचं, आणि तेही फक्त तांब्याचं, त्या दिवशी तो माजला. पाटी बँकेनं लावली असती तर कुणी ब्र काढला नसता.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी वकिली केल्यासारखं होईल. शेतकऱ्याला स्वतःलाच वेळेवर मिळत नाही, तो कुठून देणार? ऊस घातला तर 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज द्यावं असं लिहिलेलं आहे. ऊसवाल्यांना विचारा, चौदा दिवस किती लांब असतात ते. ‘वरून आलं की खाली देतो’ हे वाक्य आमच्याकडं रोज ऐकू येतं आणि पुष्कळदा ते खरंच असतं. जिनिंगवाला सूतगिरणीकडं बोट दाखवतो, आडत्या जिनिंगकडं, शेतकरी आडत्याकडं, आणि मिस्तरी शेतकऱ्याकडं. मिस्तरीनं बोट दाखवावं असं खाली कुणी उरत नाही, एवढाच काय तो फरक.

पण त्या वाक्यात एक खाच आहे. वरून आलं की नाही, हे खालच्याला कळत नाही. आलं तरी आधी दुसरीकडं गेलं, तर तेही कळत नाही. आमच्या बाजाराच्या गावी एक चहाचं हॉटेल आहे. त्याला आठ-दहा घरच्या बाया दूध घालतात, कुणाची एक म्हैस, कुणाच्या दोन. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, हॉटेल एका रात्रीत बंद. पंधरवड्याचं दुधाचं बिल द्यायचं राहिलेलं. हा माणूस वही घेऊन घरोघर फिरला. प्रत्येकीला तिचं पान दाखवलं. “काकू, गल्ल्यात एवढे आहेत, त्यातून सगळ्यांना निम्मे निम्मे देतोय. बाकीचं दुकान उघडल्यावर पहिल्या महिन्यात.” आणि उघडल्यावर दिलं. बायांनी त्याला तेवढे दिवस धरून ठेवलं, कारण कुणाला किती दिलं हे प्रत्येकीला ठाऊक होतं. ‘वरून आलं की देतो’ असंच तोही म्हणत होता. पण त्याच्या हातात उघडी वही होती.

त्यातली एक बाई पुढच्या साली डेअरीला दूध घालायला लागली, लीटरमागं दोन रुपये जास्त मिळतात म्हणून. हॉटेलवाल्याच्या पाठीमागं लोक तिला बोलले, एवढं त्यानं केलं आणि ही गेली. मला ते बोलणं पटलं नाही. त्यानं तिचं देणं दिलं होतं, उपकार केला नव्हता. दोन रुपयांत तिची सरकी पेंड निघत होती. ती उठून जाऊ शकली, यातच ते नातं सरळ होतं. हॉटेलवाला स्वतः काही बोलला नाही हे विशेष. तिच्या घरी लग्न निघालं तेव्हा चहाची भांडी त्याचीच होती.

हे सगळं खेड्यातलंच आहे असं कुणी समजू नये. आमचा पुतण्या चाकणला एका छोट्या वर्कशॉपात आहे. मोठ्या कंपनीला लागणारे लोखंडाचे सुटे भाग तिथं होतात. मी त्याला मिस्तरीची गोष्ट सांगितली तर तो हसला. म्हणाला, “काका, आमचं तेच आहे. पोलाद रोखीनं आणायचं, पार्ट करून द्यायचे आणि नव्वद दिवस वाट बघायची. मालक फोन करायला भितो, दुसऱ्या वर्कशॉपला ऑर्डर जाईल म्हणून.” त्यानं मला कायदाही सांगितला. 2006 चा लघुउद्योगांचा कायदा आहे, छोट्या कारखान्याचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे. नाहीतर बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. पण व्याज मागायला जायचं तर गिऱ्हाईक तोडून जायचं. मग सरकारनं प्राप्तिकरात कलम घातलं, 2024 च्या एप्रिलपासून ते हिशेबात धरलं जातं, की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या साली धरायचाच नाही. म्हणजे मोठ्यानं थकवलं तर त्याला कर जास्त. त्यावर कापडाच्या बाजारात मोठी ओरड झाली होती, उधारीची मुदत एवढी आखूड कशी चालेल म्हणून. शेती मात्र या कायद्याच्या अर्थानं उद्योग नाही, आणि आमच्या मिस्तरीचं नाव कुठल्याच कागदावर नाही. त्याच्याकडं आहे ती शाळेची दोनशे पानी वही.

पुतण्यानंच जपानची गोष्ट सांगितली. 1997 च्या फेब्रुवारीत कारिया गावी आयसिन नावाच्या कंपनीचा कारखाना जळाला. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथंच व्हायचा, आणि टोयोटा साठा ठेवत नाही, काही तासांपुरताच ठेवते. जवळजवळ सगळे कारखाने बंद पडले. मग आजूबाजूच्या पुरवठादारांनी, छोट्या-मोठ्या सगळ्यांनी, नकाशे मागवून घेऊन तो व्हॉल्व्ह आपापल्या यंत्रावर करायला घेतला. त्यात शिलाई मशीन करणारी कंपनीसुद्धा होती. भाव काय, पैसे कधी, हे कुणी आधी विचारलं नाही. आठवड्याच्या आसपास गाड्या पुन्हा निघायला लागल्या. आयसिननं पुढं त्यांचा खर्च भरून दिला.

मला ऐकून आमच्याकडची सावड आठवली. एकाच्या वावरात पाऊस येतोय, सोयाबीनची गंजी उघडी आहे, तर चार घरची माणसं ताडपत्री घेऊन धावतात. मी पुतण्याला म्हटलं, बघ, माणूस सगळीकडं सारखाच. तो म्हणाला, “नाही काका. तिथं कंपनीनं वर्षानुवर्षं पुरवठादार सांभाळलेले. भाव घासतात तेही, दरवर्षी कमी करा म्हणतात, पण ऑर्डर तोडत नाहीत. आमच्या कंपनीला आग लागली तर आम्ही बघायला जाऊ.”

पोरगं तिखट बोललं, पण खोटं बोललं नाही. अडीच्या वेळची धाव ही त्या वेळची नसते, आधीच्या सालांचा हिशेब त्या दिवशी पुढं येतो. आमच्या गावाचा हिशेब गेल्या रब्बीतच पुढं आला. एका शेतकऱ्याची मोटार जानेवारीत जळाली. कोरडवाहूतला माणूस, दीड एकर गहू बोअरच्या भरवशावर केलेला. तारेचे पैसे हातात नव्हते. मिस्तरीनं पाटीकडं बोट दाखवलं. आठ दिवसांनी त्यानं पैसे जमवून आणले, मोटार भरून झाली, पण मधली पाण्याची पाळी हुकली ती हुकलीच. गहू बारीक पडला, निम्मासुद्धा झाला नाही.

गावाला निवाडा सापडला. बघा, मिस्तरीनं माणसाचं पीक घालवलं. मलाही त्या माणसाचं वावर बघून वाईट वाटलं, आणि मिस्तरीचं चुकलंच असं दोन दिवस मीही म्हणत होतो. मग मिस्तरीकडं गेलो. तो बेअरिंग ठोकत बसला होता. मी काही म्हणायच्या आधीच म्हणाला, “काका, मला झोप लागली नाही त्या रातीला. पन तारच नव्हती. कुठून भरू? परभणीचा दुकानदार माझं मागलं आल्याशिवाय बंडल देईना.” आणि त्यानं वही पुढं टाकली. चाळीस घरांची बाकी होती. मोठी कुणाचीच नाही, हजार, दीड हजार, कुणाची सातशे. त्यात पारावर निवाडा करणाऱ्यांची नावं होती. खुद्द गहू गेलेल्या माणसाचं नाव मात्र नव्हतं. त्यानं मागल्या सालाचं चुकतं केलेलं होतं.

चाळीसातल्या दहा घरांनी दिलं असतं तरी तारेचं एक बंडल दुकानात राहिलं असतं. त्या गव्हाला पाणी कुणी तोडलं, हे मग कुणाला विचारायचं? ज्याच्याकडं तार नव्हती त्याला, की ज्यांच्याकडं तारेचे पैसे होते त्यांना? आणि आणखी एक. त्या माणसाला भाऊ आहेत, भावकी आहे, सोसायटी आहे, आमदार-खासदार आहेत. एवढ्या सगळ्यांना ओलांडून त्याच्या पिकाची जबाबदारी एकट्या मिस्तरीच्या पत्र्याच्या दुकानावर कशी काय येऊन पडली? उधार द्यायची जबाबदारी आपण नेहमी आपल्यापेक्षा गरीब माणसावर टाकतो, कारण श्रीमंत देत नाही हे आपल्याला ठाऊक असतं.

पाटी काढ, असं मी त्याला म्हटलं नाही. मजुरी सुगीवर ठेवलीच आहे त्यानं. म्हणजे स्वतःचा घाम तो अजूनही उधार देतोय, फक्त दुसऱ्याचं तांबं उधार द्यायचं त्यानं थांबवलंय. यापेक्षा जास्त एखाद्यानं गावासाठी काय करावं मला कळत नाही. पाटीनं त्याचं नुकसानही झालंय. तिसरा हिस्सा गिऱ्हाईक तालुक्याला जातं. तिथं तारेचे पैसे आधी, मजुरी आधी, आणि जुन्या तारेचा हिशेब नाही. तरी जातं. बाकी असलेल्याच्या दारात तोंड कसं दाखवायचं?

या दिवाळीला कापूस विकल्यावर सात घरांनी येऊन जुनी बाकी दिली. कुणी सांगून दिली नाही, सकाळी लवकर, दुकानात कुणी नसताना. एका घरची म्हातारी स्वतः आली, मुलगा यायला तयार नव्हता म्हणून. त्या पैशांतून मिस्तरीनं तारेचं एक बंडल जास्तीचं आणलंय. ते वरच्या फळीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं असतं. विकायचं का म्हणून विचारलं तर नाही म्हणतो. गहू पोटरीत यायला अजून महिना आहे. तेहतीस घरांची बाकी अजून यायची आहे.